लुंबिनीची परात

व्यंकटी गजभारे मुदखेडला रेल्वेत सुतार होते आणि वाकडी वस्तू त्यांना डोळ्यांसमोर नको असायची. वेटिंग रूमचा बाक असो, केबिनचा दरवाजा असो की घरातला पाट, व्यंकटी एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवायचे आणि केसाएवढा फुगवटा दिसला की तिथं बोट टेकवायचे. त्यांची थोरली लेक लुंबिनी हे बघतच वाढली. क्वार्टरच्या मागच्या अंगणात बाप रंधा मारायला बसला की ही समोर उकिडवी बसायची, रंध्यातून वळत वळत निघणारी सालपटं उचलायची आणि बांगड्या म्हणून हातात चढवायची. संध्याकाळी तिची आई सुमनबाई त्याच बांगड्या चुलीत घालायची आणि मग रोज एकदा रडारड व्हायची.

दहावी झाल्यावर लुंबिनीनं नांदेडच्या आयटीआयला सुतारकाम घेतलं. वर्गात ती एकटीच मुलगी.

"शिवणकाम घे की गं," सुमनबाई म्हणाली. "सावलीत बसून होतंय."

"लाकूडकाम बी सावलीतच असतंय आई," लुंबिनी म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

आनंदराज तिला बघायला आला तो खांद्याला गिटार अडकवून. अहमदपूर आगारात तो कंडक्टर होता आणि विहारातल्या गायन पार्टीत गायचा. त्या दिवशी दुपारून कंधारला पार्टीचा कार्यक्रम होता, इथून तो परस्पर तिकडं जाणार होता. चहापोहे झाले, चौकशा झाल्या, आणि व्यंकटींनी कोपऱ्यात टेकवलेल्या गिटारीकडं बघून म्हटलं, "आणलीच हाय तर वाजवा." आनंदराजनं वाजवली. लुंबिनी मान खाली घालून बसली होती, पण तिची नजर त्या खोक्यावर खिळली होती. एवढ्या पातळ लाकडातून एवढा आवाज निघतो कसा, हे तिला कळेना. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, "पोरगा कसा वाटला?" तर ही म्हणाली, "आतून पोकळ हाय ना गं ते?" हा किस्सा पुढं आनंदराज सगळ्यांना सांगायचा. "माझ्याकडं हिनं बघितलंच न्हाई. गिटार पसंत केली, मी सोबत आलो."

लग्नानंतर अहमदपूरला थोडगा रोडवर त्यांनी दोन खोल्यांचं घर केलं आणि पुढं पत्र्याचं शेड घातलं. शेडमध्ये लुंबिनीचं काम चालायचं. दारं, कपाटं, दिवाण, देवघरं सुद्धा. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि आत डोकावून "मिस्तरी कुठंय?" विचारायचं. लुंबिनी हातातला रंधा न थांबवता म्हणायची, "बोला की." वर्षाभरात हे विचारणं बंद झालं. तिचा हात सरळ होता. तिनं बसवलेलं दार एका बोटानं लागायचं आणि सुटलं तर जिथल्या तिथं थांबायचं.

गिटारीचं पहिलं दुखणं आलं ते आनंदराजच्या हलगर्जीपणामुळं. एप्रिलचा महिना, जयंती तोंडावर आलेली, ड्युटी सुटली की सराव. म्हणून तो गिटार सोबतच घेऊन हिंडायचा. एकदा देवणीच्या गाडीला तुफान गर्दी होती, तेव्हा त्यानं ती ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर आडवी ठेवली. वर ऊन, खाली इंजिन. देवणीला उतरून बघतो तर पाठ एका कडेनं सुटलेली आणि मधोमध तडकलेली. ती जयंती त्यानं ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून नुसत्या टाळ्या वाजवत काढली. घरी आल्यावर चार दिवस जेवणावर मन नव्हतं.

लुंबिनी म्हणाली, "आणा इकडं. लाकूडच हाय ते."

तिनं सुटलेली पाठ अलगद काढली आणि पहिल्यांदा तिला त्या खोक्याच्या पोटात बघायला मिळालं. पाठीला आतून चार आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. बरगड्यांसारख्या दिसत होत्या म्हणून ती त्यांना फासळ्या म्हणू लागली. प्रत्येक फासळी चिकटायच्या बाजूनं किंचित गोल होती, मधे उंच आणि टोकांना उतरती. इंजिनाच्या धगीनं वाकल्या असतील, असं तिला वाटलं. मग तिनं खोक्याच्या कडांवर लोखंडी पट्टी ठेवली, तर पट्टी डुगडुगली. कडाही सरळ नव्हत्या. कारखान्यात घाईगर्दीत काम होतं, चालायचंच, असं म्हणून तिनं त्या अनोळखी कारागिराला मनातल्या मनात माफ करून टाकलं आणि रंधा उचलला.

तिनं सगळं सरळ केलं. कडा सरळ केल्या, नव्या फासळ्या सरळ केल्या, शिसवाची पातळ पाठ आरशासारखी सपाट केली. ऐन आषाढात, बाहेर झड लागलेली असताना, ती पाठ चिकटवली. मुदखेडहून व्यंकटी मुद्दाम बघायला आले. त्यांनी एक डोळा मिटला, नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि म्हणाले, "दुरुस्त." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

पावसाळाभर, हिवाळाभर गिटार झकास वाजली. आवाज आधीपेक्षा भरदार निघायचा. आनंदराज खूश होता.

पुढच्या एप्रिलात एका रविवारी दोघं जेवायला बसले होते. पंखा गरम हवा फेकत होता. भिंतीवर टांगलेल्या गिटारीतून 'ताड्' असा आवाज आला, भाजलेला पापड मोडावा तसा. हातातला घास हातात ठेवून दोघांनी वर बघितलं. आनंदराजनं गिटार उतरवून उलटी केली. पाठ आत बसली होती, तळहात ठेवला तर कळेल इतकी खोलगट, आणि मधून वरपासून खालपर्यंत फाटली होती.

"हिला ऊन लागलं," आनंदराज म्हणाला. विनोद करायचा म्हणून तो बोलला, पण आवाज रडका निघाला.

लुंबिनीनं हात धुतला. ताट बाजूला सारून ती गिटार मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बोट त्या भेगेवरून फिरवत राहिली. आणि मग हसायला लागली.

"काय झालं?"

"त्याचं बरोबर होतं हो. त्या कारखान्यातल्या माणसाचं. मीच सपाट करून बसले."

तिनं त्याला समजावून सांगितलं. पाठ चिकटवली आषाढात. तेव्हा लाकूड ओल पिऊन फुगलेलं होतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडं हवेत ओलीचा टिपूस राहत नाही, तेव्हा लाकूड आक्रसतं, आणि आक्रसतं ते रुंदीला. फासळ्या आडव्या, त्यांची लांबी काही घटत नाही. मग पाठ ताणली जाते, आत बसते, आणि आणखी आत जाता येईना की फाटते. पण मुळातच तिला बाहेरच्या बाजूनं बाक दिलेला असेल, तर लाकूड आक्रसताना आधी तो बाक थोडा उतरेल. फाटायची पाळी येणार नाही. पाऊस पडला की बाक परत चढेल.

"म्हणजे श्वास घ्यायला जागा ठेवायची," आनंदराज म्हणाला.

"हाव. तेच."

आनंदराजला वाटलं होतं ती खट्टू होईल. पण ती तर लग्नघरातल्यासारखी लगबगीनं उठली. जन्मभर तिनं वाकड्याचं सरळ केलं होतं. आता मन लावून, मोजूनमापून वाकडं करायचं होतं आणि ते कसं करायचं हे तिला अजिबात माहीत नव्हतं. ही गोष्टच तिला गुदगुल्या करत होती.

जुन्या खोक्याच्या कडा तिनंच रंध्यानं खाल्लेल्या, त्यामुळं ते आता कामाचं नव्हतं. तिनं ठरवलं, अख्खी गिटारच नवी करायची. फक्त मान आणि तारा पिळायच्या खुंट्या जुन्या घ्यायच्या. कडा वळवणं तिला लवकर जमलं. पातळ पट्टी ओली करायची आणि तापलेल्या लोखंडी पाइपवर हळूहळू दाबत न्यायची, लाकूड वळतं. पाठीनं मात्र तिला रडवलं. नुसत्या नजरेनं गोल केलेल्या फासळ्या एकीसारखी दुसरी होईनात. झाल्या तरी चिकटवताना पाठ मेजावर दाबावी लागे, आणि मेज सपाट, त्यामुळं दिलेला बाक मेजच खाऊन टाकी.

आनंदराजनं मोबाइलवर शोधून परदेशातल्या एका कारागिराचा व्हिडिओ काढला. त्या माणसापुढं लाकडाची जाड गोल थाळी होती. मधे किंचित खोल, कडेला उंच. त्या खोलगट भागात पाठ दाबून तो फासळ्या चिकटवत होता.

"परात हाय की ही," लुंबिनी म्हणाली.

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव परात पडलं. पण ही परात घरातल्या परातीसारखी नव्हती. तिची खोली एवढी थोडी, की लांबून बघणाऱ्याला ती सपाटच वाटावी. पंधरा फूट त्रिज्येचा चेंडू कल्पावा आणि तो जमिनीवर जिथं टेकेल तेवढाच तुकडा घ्यावा, असा तो बाक. असली परात लातूरला मिळेना, नांदेडला मिळेना. पटाशीनं कोरायला घेतली तर एका जागी खड्डा, दुसऱ्या जागी टेंगूळ. दोन फळ्या वाया गेल्यावर लुंबिनीनं पटाशी खाली ठेवली.

वाट सापडली ती शेजारच्या सरजाबाईंच्या घरी. त्यांच्या नातवाचं बारसं होतं. माळवदाच्या आडव्या लाकडी सरीला पाळणा टांगलेला, बायका नावावरून हुज्जत घालत होत्या, आणि झोका द्यायचं काम लुंबिनीकडं आलेलं. दोन-चार झोके देऊन ती थांबली. पाळण्याच्या तळाकडं बघत राहिली. पाळणा मधे खाली यायचा, कडेला गेला की वर उचलायचा. परत मधे, परत वर. हवेत तो गोल काढत होता, रोज, घरोघर, आणि कुणी बघत नव्हतं.

"अगं हालव की," सरजाबाई म्हणाल्या. "लेकरू उठंल."

"मावशी, ह्या पाळण्याची दोरी किती फूट हाय?"

"दोरी मोजायला आलीस का बारशाला?"

सगळ्या बायका हसल्या. लुंबिनीही हसली, पण झोका देताना तिची नजर तळावरच होती. घरी येताच तिनं किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधून आनंदराजपुढं धरला. सुतळी आखूड धरली तर जुडगा भराभर वर चढायचा. लांब सोडली तर तो जमिनीलगत सपाट चालल्यासारखा वाटायचा, पण बारकाईनं बघितलं तर कडेला किंचित उचललेला.

"पंधरा फूट उंचीवरून ग्राइंडर टांगायचा," ती म्हणाली. "खाली फळी ठेवायची. ग्राइंडर पाळण्यासारखा हालवत राहायचं. जिथं लाकूड आडवं येईल तिथं तो खाईल. जिथं येणार न्हाई तिथं शिवणार न्हाई. आपोआप परात होतीय."

"आणि पंधरा फूट उंची कुठं हाय आपल्याकडं?"

ती उंची होती मोंढ्यात. शिवलिंगअप्पांची तिथं आडत होती आणि आडतीमागं सोयाबीनच्या पोत्यांचं उंच गोदाम. अप्पा मूळचे देवणीचे, गल्ल्यामागचा दिवाण त्यांनी लुंबिनीकडूनच करून घेतलेला. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अप्पा, तुमचं गोदाम एक दिवस पायजे."

"माल ठेवायचाय का?"

"न्हाई. झोका बांधायचाय."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. तिनं सगळं सांगितलं, किल्ल्यांचा जुडगा काढून हालवूनही दाखवला. अप्पांना किती कळलं कोण जाणे, पण मजा नक्की वाटली.

"रोज तर माल येतंय-जातंय. मोंढा बंद असतोय अमावस्येला," ते म्हणाले. "पण अमावस्येला नवं काम कोण धरत नसतंय, बाई."

"आम्हाला चालतंय अप्पा. आमच्यात सगळे दिवस सारखेच."

"मग या," अप्पा म्हणाले. "मी बी येतो. बघावं तर लागंल."

अमावस्येला सकाळीच लुंबिनी, आनंदराज आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गॅरेज चालवणारे शेषेराव गोदामात पोचले. शेषेरावांची शिडी लागणार होती, आणि अक्कलही. छताच्या लोखंडी कैचीला दोरी बांधून तिच्या टोकाला ग्राइंडर लटकवला. ग्राइंडर सुरू होताच दोरी पिळली, तो स्वतःभोवती गरगर फिरला आणि फळीत बोटभर खड्डा पाडून बसला. लुंबिनीनं बटण बंद केलं.

"दोरी ताणतीय बी आन् पिळतीय बी," शेषेराव म्हणाले. "पाइप लावू. वरच्या टोकाला ट्रॅक्टरचा बॉल जॉइंट बसवतो. चहूकडून हालंल, पण लांबी हालणार न्हाई."

ते गॅरेजला जाऊन पाइप जोडून, जॉइंट वेल्ड करून घेऊन आले. तोवर सुट्टीचा दिवस म्हणून मोंढ्यात रेंगाळणारे हमाल एकेक करून आत येऊन पोत्यांवर बसले होते. ग्राइंडर चढला, नवी फळी खाली ठेवली. लुंबिनीनं तोंडाला ओढणी बांधली, जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी ग्राइंडर धरून झोका दिला.

घर्र करून तो फळीवरून गेला. मधे टेकला, कडेला अधांतरी. तिनं फळी थोडी फिरवली, पुन्हा झोका दिला. भुसा उडायला लागला. थोडं फिरव, पुन्हा झोका. गोदामात धुरळा दाटला, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तो सोन्यासारखा दिसायला लागला. हमालांना राहवेना. एक जण उठून म्हणाला, "ताई, जरा मी बी देऊ का झोका?" मग रांगच लागली. शिवलिंगअप्पा आधी खुर्चीवर बसून बघत होते, नंतर धोतर आवरून तेही खाली बसले. "हळू द्या," लुंबिनी सांगत होती, "लाकडाला घाई चालत न्हाई."

उन्हं कलली तेव्हा तिनं ग्राइंडर बंद केला. ओढणी सोडली तर नाकाखालचा चेहरा काय तो तिचा होता, बाकी सगळी भुशाची बाई. फळी पुसली. बघायला ती सपाटच दिसत होती.

"एवढं करून ही?" अप्पा म्हणाले. "हिच्यात पीठ बी मळता येणार न्हाई."

शेषेरावांनी खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढला आणि फळीच्या कडेला सोडला. छर्रा क्षणभर थबकला. मग आपल्या आपण निघाला, मधे गेला, पलीकडं थोडा चढला, परत आला आणि बरोब्बर मध्यावर थांबला. दुसऱ्या कडेला सोडला, तरी तिथंच आला. मग प्रत्येकाला आपापल्या बाजूनं छर्रा सोडून बघायचा होता. पोती उचलणारी ती दांडगी माणसं फळीभोवती घोळका करून बसली आणि छर्रा सोडत राहिली. अप्पांनी माणूस पाठवून भज्यांची पुडकी आणि चहा मागवला. आनंदराजच्या लक्षात आलं, लुंबिनी भजं हातात धरून नुसती बसली आहे आणि तिच्या डोळ्यांत पाणी आहे.

"भुसा गेला," ती म्हणाली.

"हाव, हाव," तो म्हणाला आणि आपलं भजंही तिच्या हातात दिलं.

पाठ चिकटवायला तिनं मुद्दाम फाल्गुनाची वाट बघितली. हवा कोरडी झाल्यावरच चिकटवायचं, लाकडाला पुढं आक्रसायला फारसं काही उरूच द्यायचं नाही. तोंडासाठी, म्हणजे तारांखालच्या पुढच्या बाजूसाठी, नांदेडच्या वखारीतून देवदाराची बारीक रेषांची फळी आणली, पाठीसाठी शिसव. परातीत काचपेपर चिकटवून तिनं फासळ्या त्यावर घासल्या, त्यामुळं चारही फासळ्यांना एकच बाक आला. मग काचपेपर काढला, पाठ परातीत ठेवली, फासळ्यांना सरस लावला, आणि त्या दाबून धरायला बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या वापरल्या. कामटीचं एक टोक फासळीवर, दुसरं वर आडव्या बसवलेल्या फळीला. कामट्या धनुष्यासारख्या वाकून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या जोरानं पाठ परातीत बसली.

सकाळी तिनं एकेक कामटी काढली आणि पाठ उचलली. तव्यावरच्या भाकरीला नुकता पदर सुटावा तशी ती मधे उचललेली होती. लुंबिनीनं ती गालाला लावून बघितली. शेडमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं.

आता खोक्याच्या कडाही त्याच बाकात उतरायला हव्या होत्या. त्यासाठी परातीत पुन्हा काचपेपर लावायचा आणि खोकं उपडं ठेवून गरगर फिरवत घासायचं. एकटीला ते झेपेना, एका बाजूला जोर जास्त पडायचा. नेमके त्या दिवसांत व्यंकटी आणि सुमनबाई मुदखेडहून आले होते. सुमनबाईनं थोडा वेळ बघितलं आणि पदर खोचला.

"सरक. जात्याला दोघी लागतात."

मायलेकी परातीच्या दोन बाजूंना पाय पसरून बसल्या आणि खोकं फिरवू लागल्या. आईचा हात जात्यावर तयार झालेला, तिनं चाल धरली ती सुटलीच नाही. आणि फिरवता फिरवता तिच्या तोंडातून तिथंच जुळवलेली ओवी आली:

"लाकडाचं जातं बाई, पीठ पडतं भुशाचं,
लेकीच्या गं हाताखाली पोट फुगलं शिसवाचं."

लुंबिनीला इतकं हसू आलं की फिरवणं थांबवावं लागलं. "आई, पोट न्हाई, पाठ हाय ती."

"पाठ ओवीत बसत न्हाई," सुमनबाई म्हणाली. "फिरव."

व्यंकटी बाजूला खुर्चीवर बसून हे बघत होते. गिटार जोडून झाल्यावर त्यांनी ती सवयीनं हातात घेतली, एक डोळा मिटला, आणि तसेच थांबले. पट्टी मागितली, ठेवली, ती डुगडुगली. पट्टी परत दिली.

"हे मी तपासू कसं?" त्यांनी विचारलं.

लुंबिनीनं त्यांचा उजवा हात धरला आणि तळवा पाठीवर ठेवला. व्यंकटींनी तो हळूहळू फिरवला. वरून खाली, मग आडवा.

"फुगलंय," ते म्हणाले.

"फुगवलंय बाबा."

त्यांनी आणखी एकदा हात फिरवला. गिटार काही लवकर खाली ठेवली नाही.

मग उन्हाळा आला. लुंबिनीनं गिटार भिंतीवरच्या त्याच खिळ्याला टांगली. आनंदराज म्हणाला, ओलं फडकं गुंडाळून ठेवू, माठाजवळ ठेवू. ती म्हणाली, "न्हाई. अहमदपुरात राहायचं तर अहमदपूरचं ऊन सोसलं पायजे." जयंतीला गिटार मिरवणुकीत वाजली, भर उन्हात, उघड्या गाडीवर. पुढं ऊन आणखी चढलं. दुपारी जेवताना आनंदराज प्रत्येक घासाला वर बघायचा. लुंबिनी अधूनमधून पट्टी लावून बघायची. बाक उतरत होता, थोडा थोडा, श्वास सोडल्यासारखा. पण पाठ आत गेली नाही आणि फाटलीही नाही.

बुद्धपौर्णिमेला मुदखेडच्या विहारात पार्टीचा कार्यक्रम होता. संध्याकाळ होती तरी जमीन तापलेलीच. लुंबिनी बायकांमध्ये, आईशेजारी बसली. हार्मोनियमनं सूर धरला, ढोलकी आली, आणि आनंदराजनं तारांवरून हात फिरवला. आवाज गोल निघाला. जुन्या गिटारीचा आवाज समोरच्या दोन रांगांत संपायचा. हा मागं दाराशी चपला काढणाऱ्या माणसापर्यंत गेला आणि त्यानं मान वर केली. लुंबिनीनं ते बघितलं. मांडीवर ठेवलेले तिचे हात आपोआप उताणे झाले होते, आणि ती ते असे बघत होती जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

सुमनबाई शेजारणीच्या कानाशी लागली. "जात्यावर दळलीय ती," तिनं सांगितलं. शेजारणीला काही कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लातूरहून आलेली एक बाई पुढं आली. तिचं नाव सुकन्या. लातूरच्या एका शाळेत ती मुलांना गाणं आणि गिटार शिकवायची. तिनं आनंदराजकडून गिटार मागून घेतली, दोन-तीन सुरावटी वाजवल्या, उलटी करून पाठीवर हात फिरवला.

"कुठून घेतली?"

आनंदराजनं बायकांच्या घोळक्याकडं बोट दाखवलं. "त्या तिकडं हिरव्या साडीत बसल्यात, त्यांना विचारा. मी नुसता वाजवणारा."

सुकन्यानं लुंबिनीला गाठलं आणि दोघी तिथंच विहाराच्या पायरीवर बसल्या. सुकन्याची कंबर दुखायची, मोठं खोकं तिला धरवत नसे. तिला लहान अंगाची, हलकी गिटार हवी होती. लुंबिनी तिचा हात कोपरापासून बघत होती, खांद्याची उंची बघत होती. लहान खोकं म्हणजे आवाज कमी, मग बाक थोडा जास्त द्यावा लागेल का? पंधरा फुटांऐवजी बारा? मग पाइप कापावा लागेल, अप्पांना पुन्हा विचारावं लागेल. बोलता बोलता ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

"जमेल ना?" सुकन्यानं विचारलं.

"पाऊस जाऊ द्या," लुंबिनी म्हणाली. "दिवाळीनंतर सुरू करते. लाकूड बघायला तुम्ही बी या. तुमची हाय, तुम्ही निवडा."

सकाळी नांदेडच्या गाडीनं निघायचं होतं. सुमनबाईला घेऊन व्यंकटी पोचवायला स्टेशनवर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की ते ताठ चालायचे. एका बाकावर तिघं बसले. आनंदराज तिकिटं काढायला गेला, जाताना गिटार सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून गेला. व्यंकटींना वाजवता येत नव्हतं. त्यांनी ती लेकराला घ्यावी तशी पोटाशी धरली आणि दोन बोटांनी पाठीवर हळूच टकटक केली. मग जरा जोरात. मग विहारात ऐकलेल्या ढोलकीचा एक ठेका धरला. लुंबिनी आणि सुमनबाईनं एकमेकींकडं बघितलं.

समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमची हाय का?"

"लेकीनं केलीय," व्यंकटी म्हणाले, आणि ठेका चालू ठेवला.

गाडी आली. आनंदराज पिशव्या घेऊन चढला, मागून लुंबिनी. दारात उभी राहून तिनं हात पुढं केले.

"बाबा, द्या."

"तू बस आधी. नीट जागा धर."

"गाडी सुटंल बाबा."

"इथं इंजिनाची अदलाबदल असती," व्यंकटी म्हणाले. "टाइम हाय."

इंजिन काही बदलायचं नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. व्यंकटी दाराशी उभेच राहिले, गिटार पोटाशी धरून. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी ती वर उचलून लेकीच्या हातात दिली.